खाचरातली खेळपट्टी

पहाटे ४.४०

मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला खालच्या अंगाला एक भाताचं खाचर. गडद अंधार. बॅटरीच्या उजेडात एक माणूस उकिडवा बसलाय. खिशातून मोटरसायकलची किल्ली काढून त्यानं जमिनीत दाबली. अर्धा इंच गेली.

"ओल हाय अजून. रूळ सहाला फिरवू."

ह्यांना सगळे अध्यक्ष म्हणतात. भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे), दोन्ही तालुक्यांतल्या गावांची टेनिस चेंडूची स्पर्धा ते भरवतात. एक गाव, एक संघ. ३२ संघ, चार दिवस, रोज आठ सामने, सहा-सहा षटकांचे. आज रविवार, शेवटचा दिवस.

खाचर दुसऱ्याचं. भात निघाल्यावर धसकटं काढली, मधल्या बावीस यार्डांत गाळाची चार ट्रॉल्या माती टाकली, पाणी मारलं, दाबली. भाडं १०,००० रुपये. मालकाची एकच अट: सोमवारी सकाळी रान नांगरलेलं पाहिजे.

सकाळी ६.००

रूळ दगडी. दोन माणसं ओढतात, तिसरा मागून धरतो. तिसरे म्हणजे तात्या, साठीच्या पुढचे. हजेरी ६०० रुपये. तात्या रूळ वळवताना कधीच खेळपट्टीवर वळवत नाहीत, बाहेर नेऊन वळवतात. "वर वळीवला का कड फुटती," ते मला म्हणाले. शनिवारच्या गोलंदाजांनी टाच आपटून दोन खड्डे पाडलेत. तात्यांनी त्यात ओली माती भरली, मुठीनं ठोकली, वरून कोरडी माती भुरभुरली आणि पुन्हा ठोकली. एका खड्ड्याला दहा मिनिटं.

मग दोरी ताणून फक्की मारायची. डब्याला खिळ्यानं भोकं पाडलेली. तीन बाजूंचे बांध म्हणजे सीमारेषा, चौथ्या बाजूला ओढा.

उजाडलं. डावीकडं राजगडाचा बालेकिल्ला दिसायला लागला. अध्यक्षांनी पुन्हा किल्ली दाबली. टोक तेवढं गेलं.

सकाळी ७.१५

चहा. अध्यक्षांचा फोन वाजतो. घरून. डेअरी आता वहिनी बघतात. आज गाईचं दूध १८० लिटर, फॅट काढायचं मशीन अडलंय. "बाटली गरम पाण्यात धर, मग लाव," हे इकडून सांगतात.

दूध हा त्यांचा पहिला धंदा. त्याआधी नोकरी: खेड शिवापूरला कंपनीत हेल्पर. मग दूध. मग ब्रॉयलर कोंबड्यांची शेड. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला. नवापूर इथून कुठल्या कुठं, पण कोंबडी खायचं सगळ्यांनीच सोडलं. अध्यक्ष तेव्हा चोवीस वर्षांचे. पक्षी मिळेल त्या भावानं दिले. मग छोटा हत्ती घेतला, भाजी मार्केट यार्डात न्यायला. मग मंडप, खुर्च्या, साउंड. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये खुर्च्या गोठ्यात रचून ठेवल्या. त्यानंतर ट्रॅक्टर आणि पाण्याचा टँकर.

मी इकडंतिकडं बघतो. मंडप त्यांचा. खुर्च्या त्यांच्या. माती ओढली त्यांच्या ट्रॅक्टरनं, पाणी मारलं त्यांच्या टँकरनं. जो जो धंदा केला त्याचं काही ना काही ह्या खाचरात येऊन उभं आहे.

उद्योगातला माणूस क्रिकेटच्या कारभारात येणं महाराष्ट्राला नवं नाही. गहुंज्याचं स्टेडियम महाराष्ट्र क्रिकेट संघटनेनं उभं केलं तेव्हा अध्यक्ष होते अजय शिर्के, बांधकाम उद्योगातले. २०१२ पासून तिथं मोठे सामने होऊ लागले. २०२३ मध्ये रोहित पवार अध्यक्ष झाले, साखरधंद्यातले. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. आमचे अध्यक्ष एकदा गहुंज्याला सामना बघायला गेले होते. पाऊस आला. लोक आडोशाला पळाले आणि हे कव्हर ओढायला किती माणसं लागतात ते मोजत उभे राहिले.

सकाळी ८.२०

आधार कार्डांची तपासणी. हे काम ते कुणाला देत नाहीत. गावाबाहेरचा खेळाडू आणला तर संघ बाद. टेबलावर लांब वही, शेजारी यादी.

हिरडस मावळातला एक संघ. त्यांच्या डावखुऱ्या गोलंदाजाच्या आधारवर पत्ता दुसऱ्याच तालुक्यातला. पहिले तीन दिवस तो कामावर होता, आज पहिल्यांदा आलाय. समोरच्या संघाचा कप्तान टेबलावर वाकला. "अध्यक्ष, नियम म्हंजे नियम."

पोरगं खाली बघत होतं. बाविशीचं असेल. "आमचं घर नीरा देवघरच्या पाण्यात गेलं," ते म्हणालं. "पत्ता वसाहतीतला हाय."

अध्यक्षांनी आधार परत दिलं नाही. "जुनं काय हाय का?" पोरानं बापाला फोन लावला. पाच मिनिटांनी मोबाइलवर फोटो आला: जुनं रेशन कार्ड, कडा फाटलेल्या, त्यावर आज्याचं नाव आणि गाव. अध्यक्षांनी फोटो मोठा करून शब्द शब्द वाचला. वहीत उतरवून घेतला. मग समोरच्या कप्तानाकडं वही सरकवली.

"गाव पाण्यात गेलं म्हणून पोरगं गावाचं न्हाय, असं माझ्या वहीत लिव्हायचं न्हाय. तू सही कर."

त्यानं जरा वेळ घेतला. केली.

मला वाटतं, क्रिकेटचा कारभार म्हणतात तो हा.

सकाळी ९.१०

पहिला सामना. नवा चेंडू. पाच डझन आणले होते, ९० रुपयांना एक. ओढ्यात गेला की एक शाळकरी पोरगं चप्पल काढून पळतं. चेंडू आणला की पाच रुपये. दुपारपर्यंत त्याचे ६५ झाले.

यूट्यूबवर लाइव्ह करणारी दोन पोरं ट्रॉलीवर उभी आहेत. दिवसाचे ६,००० त्यांचे. पंचांना हजार, गुणलेखकाला ७००, समालोचकाला १,५००. लाइव्हशिवाय आता देणगीदार बॅनर देत नाही. मुंबईला, पुण्याला कामाला गेलेली माणसं फोनवर सामने बघतात आणि तिथनंच षटकाराला शंभर रुपये लावतात. समालोचक लगेच नाव घेतो.

दुपारी १२.४०

चार सामने झाले. पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात. अध्यक्ष उभ्यानं खातात.

समालोचक रिकाम्या मैदानाला गोष्ट सांगतोय. डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ नाबाद. ब्रॅडमनच्या ४५२ ला फक्त नऊ कमी. आणि काठियावाडचा संघ सामना सोडून निघून गेला.

"म्हणून आपला नियम पाच," अध्यक्ष घास गिळून म्हणाले. मैदान सोडणाऱ्या संघाची हजार रुपये अनामत जप्त.

मी त्यांना विचारलं, हे वेड कधीपासून? १९९६, ते म्हणाले. २९ फेब्रुवारी. मामानं पुण्यात नेहरू स्टेडियमवर वर्ल्ड कपच्या सामन्याला नेलं होतं. केनियानं वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं. "लाराला बघायला गेलतो. आलो ते केनियाची नावं पाठ करत."

दुपारी २.०५

उपांत्य सामना. डावखुऱ्या पोरानं सकाळी एका षटकात दोन बळी घेतले होते. आता शेवटच्या षटकात १४ राखायचे आहेत. तीन चेंडू चांगले पडले. चौथा गुडघ्याएवढा फुलटॉस, सहा. पाचवा ओढ्यात. सहावाही ओढ्यात. संघ हरला. पोरगं खेळपट्टीवरच बसलं. तात्या रूळ घेऊन आले तरी उठेना. मग उठलं, तात्यांच्या दोरीला हात लावला आणि दोन फेऱ्या रूळ ओढला.

सायंकाळी ५.२०

अंतिम सामना संपला. गुंजण मावळातल्या संघानं मारला. पहिलं बक्षीस ५१,००० आणि ढाल, दुसरं ३१,०००, तिसरं २१,०००. हलगी, गुलाल. मान्यवरांची भाषणं अध्यक्षांनी तीन मिनिटांवर आणून ठेवली, कारण उजेड चाललाय आणि दिवे भाड्यानं आणलेले नाहीत.

सायंकाळी ७.००

मंडप उतरतोय. खुर्च्या वीस-वीसच्या थप्पीनं टेम्पोत. टेबलावर हिशोब. प्रवेश फी ३,००० प्रमाणे ९६,०००. बक्षिसं देणगीदारांची. बाकी सगळा खर्च १,१२,०००. म्हणजे १६,००० कमी. तिसऱ्या बक्षिसाचा देणगीदार "उद्या पाठवतो" म्हणालाय. ते २१,००० सध्या अध्यक्षांच्या खिशातून गेलेत.

आधी हजेरी. तात्या, दोन रूळवाले, स्वयंपाकाच्या मावशी. प्रत्येकाच्या हातात नोटा मोजून. मग पंच. लाइव्हवाल्या पोरांना अर्धे, अर्धे बुधवारी. त्यांनी मान डोलावली. मागच्या वर्षीचे बुधवारीच मिळाले होते.

रात्री ८.३०

ट्रॅक्टर आला. उद्या तो किकवीला भाड्यानं ठरलाय, पहाटे सहाला. त्यामुळं रान आजच.

तात्या घरी गेले नव्हते. दांड्या उपटून त्यांनी पोत्यात गुंडाळल्या, पोतं काखेत धरलं आणि बांधावर बसले. अध्यक्ष स्वतः ट्रॅक्टरवर चढले. दिव्याच्या उजेडात फक्कीची रेघ अजून दिसत होती. नांगर खेळपट्टीवर टेकला आणि उसळून वर आला.

"लई घट्ट झालीया," तात्या बांधावरनं ओरडले. "आडवा घाला!"

अध्यक्षांनी ट्रॅक्टर मागं घेतला, आडवा लावला, नांगर पुन्हा खाली सोडला. ह्या वेळी आत गेला.