साखळ्यांचं जग – लेखांक 9 : एक टक्क्याची शिवण

शाम्पूची बाटली बहुधा एचडीपीईची, म्हणजे दाट पॉलिइथिलीनची असते आणि तिचं उघडझाप झाकण पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे पीपीचं. झाकणाला बाटलीशी धरून ठेवणारी पातळ पट्टी हजारो वेळा वाकूनही तुटत नाही, ती पीपीची करामत. भंगारात मात्र या जोडीने वैताग येतो. चुरा करून पाण्याच्या टाकीत टाकला, की पीव्हीसी आणि पेट तळाला जातात. एचडीपीई आणि पीपी मात्र शेजारी शेजारी तरंगत राहतात. मग दोघांचा मिळून ‘मिक्स दाणा’ होतो आणि त्याला भाव कमी मिळतो.

भाव उगाच कमी नसतो. हा दाणा वितळवून पट्टी ओतली तर दिसायला ठीक दिसते. ती दुमडून पाहा. एकतर कट्‌कन मोडेल, नाहीतर कडेने पापुद्रे सुटतील. गंमत अशी, की दोन्ही पदार्थांत कार्बन आणि हायड्रोजनशिवाय दुसरं काहीच नाही. सख्खे भाऊ म्हणावेत इतके जवळचे, तरी एकमेकांत मिसळत नाहीत.

याचं उत्तर 1940च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या गणितात आहे. दोन द्रव मिसळतात ते बऱ्याचदा प्रेमापोटी नव्हे, तर मिसळल्याने रेणूंना विखुरण्याच्या असंख्य नव्या तऱ्हा मिळतात म्हणून. पण प्लास्टिकच्या रेणूत असतात तशा हजार कड्या एकाच साखळीत ओवल्या, की त्या कड्यांचं स्वातंत्र्य गेलं. मग मिसळून मिळतं ते नगण्य. गणितात नावड मोजणारा एक आकडा असतो. लहान रेणूंच्या बाबतीत तो 2 पर्यंत गेला तरी चालतं. हजार-हजार कड्यांच्या साखळ्यांना 0.002 सुद्धा जड जातो. म्हणजे किंचितशी नावडही फारकतीला पुरते. पॉलिस्टायरीन आणि पीपीओ (पॉलिफेनिलीन ऑक्साइड) यांच्यासारख्या मनापासून मिसळणाऱ्या जोड्या आहेत, पण त्या अपवाद.

तेव्हा एचडीपीई आणि पीपी यांना एकजीव करण्याचा हट्ट सोडायचा आणि दोघांमधली सीमा सांभाळायची. इथे कोपॉलिमर लागतो : एकाच साखळीचा एक तुकडा ‘अ’चा, दुसरा ‘ब’चा. तो सीमेवर उभा राहतो, प्रत्येक तुकडा आपापल्या घरात. पाठ्यपुस्तकं याला तेल-पाण्यातल्या साबणाची उपमा देतात. ती मला अर्धीच पटते. साबण थेंब बारीक करतो आणि ते पुन्हा एकमेकांत विलीन होऊ देत नाही. कोपॉलिमरही हे करतोच. पण साबणाला कुणी ओढून पाहत नाही. प्लास्टिकला ताण सोसावा लागतो. त्यासाठी कोपॉलिमरचा तुकडा पलीकडच्या साखळ्यांत गुंतून बसेल इतका लांब हवा. आखूड असेल तर ताण येताच अलगद उपसून बाहेर येतो.

शिवाय तयार कोपॉलिमर बाहेरून घालण्यात एक फसगत आहे. ते सीमेवर पोचण्याआधी आपापसातच पुंजके करून बसतात आणि महागडा माल वाया जातो. कारखान्यांनी यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या विषयातली सर्वांत चलाख गोष्ट वाटतो : कोपॉलिमर यंत्रातच घडवायचा. ड्यूपाँटने 1970च्या दशकात ‘सुपर टफ’ नायलॉन काढला तो असाच. रबराच्या साखळीवर मॅलेइक अॅनहायड्राइड नावाचा लहानसा रेणू आधी चिकटवून घेतात. ते रबर नायलॉनबरोबर एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे वितळवून ढकलणाऱ्या मळसूत्री यंत्रात, घुसळलं, की नायलॉनच्या टोकाचा अमाइन गट त्या अॅनहायड्राइडला पकडतो. मळसूत्र फिरत असतानाच, काही मिनिटांच्या आत आणि नेमका सीमेवर, कोपॉलिमर तयार होतो. रबराचे कण एक मायक्रॉनहूनही बारीक राहतात आणि खाचेपाशी सहज तडकणारा नायलॉन दहापटीहून जास्त आघात सोसतो. खाद्यतेलाच्या पाच थरांच्या पिशवीतही हेच रसायन आहे. मध्ये नायलॉन, बाहेर पॉलिइथिलीन आणि त्यांना धरून ठेवणारा पातळ ‘टाय लेयर’ अॅनहायड्राइड चिकटवलेल्या पॉलिइथिलीनचा.

पण आपल्या शाम्पूच्या बाटलीला ही युक्ती लागू पडत नाही. पॉलिइथिलीन आणि पीपी या दोघांकडेही पकडायला हातच नाही. ना अमाइन, ना आणखी काही. इथे दोन्ही तुकडे असलेली साखळी बाहेर बनवूनच आणावी लागते, आणि ते फार काळ नीट जमत नव्हतं. 2017 साली कॉर्नेल विद्यापीठातले जेफ्री कोट्स आणि मिनेसोटातले फ्रँक बेट्स यांच्या गटांनी ‘सायन्स’मध्ये उत्तर छापलं. त्यांच्या हाफ्नियमच्या उत्प्रेरकाला एकदा इथिलीन द्यायचं, एकदा प्रॉपिलीन, पुन्हा इथिलीन, पुन्हा प्रॉपिलीन. चार तुकड्यांची साखळी होते. ती सीमा एकदा नव्हे, तीनदा ओलांडते. मधले तुकडे फासासारखे अडकतात आणि थंड होताना दोन्ही बाजूंच्या स्फटिकांत पक्के होतात. ही साखळी अवघी 1 टक्का मिसळली, तर थोडं ताणताच तुटणारं मिश्रण मूळ लांबीच्या कित्येक पट ताणलं गेलं. दोनच तुकड्यांची साखळीही चालते, पण तिचे तुकडे बरेच लांब ठेवावे लागतात.

बातम्यांनी तेव्हा पुनर्वापराचा प्रश्न सुटल्यासारखंच लिहिलं. पण प्रयोगातलं प्लास्टिक स्वच्छ होतं, प्रमाण माहीत होतं. भंगारातल्या चुऱ्यात रंग, चुनखडीची भुकटी, लेबलाचा गोंद आणि उन्हाने जीर्ण झालेल्या साखळ्या असतात, आणि प्रत्येक गोणीत पीपीचा वाटा वेगळा. काही कंपन्या आता दोन्ही तुकडे असलेले ओलेफिन कोपॉलिमर गोणीने विकतात, तेव्हा माल मिळत नाही अशी तक्रार उरलेली नाही. दाणा काढणारा हिशेब एवढाच करतो : मिक्स दाणा आणि निवडलेला दाणा यांच्या भावातला फरक किती, आणि त्या फरकात या कोपॉलिमरची गोणी बसते का. फरक कमी असेल, तर त्याच्या दृष्टीने झाकण हाताने काढून वेगळं टाकणाराच स्वस्त पडतो.

(पुढच्या आठवड्यात : टायरमधलं रबर पुन्हा का वितळत नाही)