नेट नाही म्हणजे नेमकं काय नाही

“मोबाईलवर चालतंय का?”

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ, जिन्याखालच्या आठ बाय दहाच्या गाळ्यात ताई लॅपटॉप दुरुस्त करतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी हे विचारतात. म्हणजे विचारायची संधी मिळाली तर. पन्नाशीपुढचं गिऱ्हाईक दारातच थबकतं, आत डोकावतं आणि म्हणतं, “दुरुस्तीवाले कुठं गेलेत?” ताई मान वर न करता सांगतात, “इथंच आहेत. बोला.”

मी गेलो ते जुलैच्या पावसात. लॅपटॉप २०१२ सालचा, चार दिवस त्यावर नेट नव्हतं. घरी जेवढं करता येतं तेवढं करून झालं होतं. राउटर बंद करून चालू केला, लॅपटॉप बंद करून चालू केला, पुण्याच्या भाच्याला फोन केला, भाच्यानं पुन्हा राउटर बंद करून चालू करायला लावला. मोबाईलवर चालतंय म्हटल्यावर ताईंनी नुसती मान हलवली. घरापर्यंतची लाइन ठीक, राउटर ठीक, दोष या पेटीत. मंडईत वांगं निवडताना कीड आहे का ते बघायला उलटसुलट करतात, तसा त्यांनी लॅपटॉप फिरवला आणि पुढच्या कडेला, जिथं माझे तळहात रोज टेकतात, तिथली तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी नखानं उजवीकडं सरकवली. टिक. नारिंगी दिवा निळा झाला.

“किती झाले?”

“स्विच सरकवायचे कसले पैसे? बसा, पाऊस आहे.”

बसलो. पाऊस थांबला तरी बसलो, आणि पुढचे दोन दिवस मुद्दाम जाऊन बसलो.

त्या पट्टीचा मला राग आला होता, म्हणून तिच्याबद्दल आधी. २००३च्या मार्चमध्ये इंटेलनं ‘सेंट्रिनो’ बाजारात आणलं, आणि त्यानंतर वायफायचं कार्ड लॅपटॉपच्या पोटातच बसवून येणं ही सर्रास गोष्ट झाली. कार्ड म्हणजे छोटा रेडिओच. विमानात तो बंद ठेवायला लागायचा, शिवाय बॅटरी खायचा. म्हणून त्याला एक खटका हवा. तो कुठं असावा यावर मात्र कंपन्यांचं कधी एकमत झालं नाही. कुणी पुढच्या कडेला दिला, कुणी उजव्या अंगाला, कुणी कीबोर्डच्या वर नुसतं बोट लावायची पट्टी दिली. मग खटका गेला आणि त्याचं काम कीबोर्डच्या वरच्या रांगेत शिरलं. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर ते एफ-२ वर, जुन्या थिंकपॅडवर एफ-५ वर, एचपीच्या पुष्कळ मॉडेलांवर एफ-१२ वर. त्यावर मनोऱ्याचं नाहीतर विमानाचं चित्र असतं. नातवंडानं कीबोर्डवर हात मारला की विमान उडतं आणि घरातलं नेट जातं. माझी पट्टी बॅगेच्या चेननं सरकली असणार. आणि बंद असल्याची खूण काय, तर पेटलेला नारिंगी दिवा! आपल्याकडं दिवा पेटला म्हणजे चालू, विझला म्हणजे बंद. ज्यानं हे ठरवलं त्याच्या घरी बहुतेक उलटं असावं.

ताईंचं म्हणणं असं, की ‘नेट येत नाही’ ही तक्रारच नव्हे. पोट दुखतंय म्हणण्यासारखं आहे ते. कुठं दुखतंय हे डॉक्टरनं दाबून बघायचं. त्यांचं दाबून बघणं ठरलेल्या क्रमानं चालतं: कार्ड जागं आहे का, कार्ड राउटरशी बोलतंय का, राउटर बाहेर बोलतोय का, आणि बाहेर नावं कळतात का. ही साखळी जिथं तुटते तिथंच हात घालायचा, मागं-पुढं नाही.

ताई काळी खिडकी उघडतात आणि ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करतात. पडद्यावर आकडे येतात. पत्ता १९२.१६८ ने सुरू झाला तर बहुतेक वेळा राउटरनं लॅपटॉपला नंबर दिलेला असतो, म्हणजे दोघांची ओळख झाली. पण १६९.२५४ दिसलं तर ताई लगेच म्हणतात, “ह्याला कुणी नंबरच दिलेला नाही.” राउटरकडून नंबर मिळाला नाही तर विंडोज स्वतःच आपल्याला एक नंबर लावून घेतं, त्याची सुरुवात ही अशी. लग्नाला गेलात, कुणी या-बसा म्हटलं नाही, म्हणून आपणच खुर्ची ओढून कोपऱ्यात बसलात. बसायला मिळालं, पण वाढायला कुणी येत नाही.

नंबर नीट असेल तर पुढची हाक. ‘पिंग’ करून आधी राउटरला, मग ८.८.८.८ ला. हा गुगलचा सार्वजनिक पत्ता, लक्षात ठेवायला सोपा म्हणून जगभरचे मेकॅनिक याच दारावर टकटक करतात. तिथून उत्तर आलं पण संकेतस्थळाच्या नावाला आलं नाही, तर रस्ता मोकळा आहे आणि फक्त नावावरून पत्ता सांगणारा बेपत्ता आहे. तो डीएनएस. सेटिंगमध्ये जाऊन दुसरा द्यायचा, दोन मिनिटांचं काम. हे सगळं मी इथं सलग लिहिलं, पण ताईंचं टायपिंग एवढं झपाट्याचं आहे की पहिल्या दिवशी मला नुसतं टकटक ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी कोरेगावच्या बाजूचे एक काका आले. लॅपटॉप खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला, वर धोतराचं फडकं.

“मोबाईलवर चालतंय का?”

“त्याच्यावर झकास चालतंय की. ह्योच बंद हाय.”

मला वाटलं, झालं, आता लॅपटॉप उघडणार. ताईंनी तो पिशवीतून बाहेरही काढला नाही. “काका, मोबाईलचा डेटा बंद करून बघितलं होतं का?” नव्हतं. मोबाईल सिमवर चालत होता, घरच्या वायफायवर नाही. काकांनी घरी फोन लावला, ताईंनी तो हातात घेतला. “काकू, नेटच्या डब्यावर किती दिवे आहेत? लाल आहे का एखादा? लुकलुकतोय?” लुकलुकत होता. त्या दिव्याखाली इंग्रजीत एलओएस लिहिलेलं असतं. फायबरमधून प्रकाश येणं थांबलं की तो लाल होतो. गावाबाहेर रस्त्याचं काम चाललं होतं, तिथं जेसीबी. काका पिशवी उचलून उठले आणि म्हणाले, “मंग मी ह्यो घिऊन आलो कशाला?” ताई म्हणाल्या, “चहा प्यायला,” आणि सांगितलासुद्धा.

फक्त मोबाईलवर चालतंय का एवढंच विचारलं असतं, तर त्या पेटीचे सगळे स्क्रू निघाले असते. सिमवर की वायफायवर, हा प्रश्नाचा पोटातला भाग आहे आणि भलेभले तो गाळतात. मीही गाळला होता. माझं नशीब, की माझ्या मोबाईलवरचं नेट खरंच घरच्या वायफायचं होतं.

मधल्या वेळात कॉम्प्युटर क्लासचा एक मुलगा परीक्षेसाठी वायफायचं पूर्ण रूप विचारून गेला. पुस्तकात ‘वायरलेस फिडेलिटी’ होतं. खरं तर ते कशाचंच लघुरूप नाही. ८०२.११ या रुक्ष आकड्याला लोकांच्या तोंडी बसेल असं नाव हवं, म्हणून १९९९ मध्ये एका नावं पाडून देणाऱ्या कंपनीनं ते बनवलं. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिही, असं ताईंनी त्याला बजावलं.

निवृत्त मास्तरांचं प्रकरण मला सगळ्यांत आवडलं. वायफायच्या कमानी पूर्ण भरलेल्या, विंडोज म्हणतंय इंटरनेट आहे, पण बँक उघडत नाही, मेल उघडत नाही, काहीच नाही. मास्तर म्हणाले, व्हायरस असेल. ताईंनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली बोट ठेवलं. तारीख १ जानेवारी २०१२.

सुरक्षित संकेतस्थळाला ओळखपत्र असतं, त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. लॅपटॉपचं घड्याळ २०१२ दाखवत असेल, तर त्याच्या लेखी आजचं प्रत्येक ओळखपत्र भविष्यातलं, म्हणून खोटं. तो दारातूनच परत पाठवतो. आणि विंडोजला हे कळत कसं नाही? विंडोज नेट आहे की नाही हे तपासायला मायक्रोसॉफ्टच्या ठरलेल्या पत्त्यावरची एक चिमुकली फाईल मागवून बघतं. तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द असतात. ती फाईल साध्या, बिनओळखपत्राच्या रस्त्यानं येते, म्हणून तारीख कितीही चुकली तरी येते. ते आपलं खूश. दोष होता मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा, सीआर-२०३२. मुख्य बॅटरी आधीच गेलेली, त्यात हा सेल संपला, त्यामुळं प्लग काढला की लॅपटॉप आपला जन्म विसरायचा. ब्राउझर इंग्रजीत सांगतही होता, की तुमचं घड्याळ मागं आहे. मास्तरांनी ते वाचलं नव्हतं. “लाल काही दिसलं की मी बंद करतो,” म्हणाले. सेल पन्नास रुपयांच्या आतला. मास्तरांनी पावती मागितली.

तिसरं, इंजिनीअरिंगची मुलगी. मित्रानं विंडोज नव्यानं टाकून दिलं आणि वायफायचं चिन्हच नाहीसं झालं. कार्ड जागेवर, पण ते चालवणारा ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर मिळतो नेटवर, आणि नेट ड्रायव्हरशिवाय नाही. ताईंनी तिचाच मोबाईल चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडला, मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं, लॅपटॉपला वाटलं केबल लागली. ड्रायव्हर उतरला. मुलीनं वहीत लिहून घेतलं. मित्राला दाखवणार होती.

खरं बारीक काम बघायला मिळालं ते मात्र एका तुटक्या बिजागरीचं. लॅपटॉप राउटरच्या खोलीत चाले, स्वयंपाकघरात नेला की बंद. त्या घरानं वायफायचा वेग वाढवून घेतला होता, मग राउटर बदलला होता. ताईंनी आल्या आल्या पडदा उघडला-मिटला आणि डावीकडच्या बिजागरीची कुरकुर ऐकली. वायफायचे अँटेना कार्डावर नसतात. ते पडद्याच्या चौकटीत, वरच्या अंगाला असतात. तिथं उंची मिळते आणि मदरबोर्डच्या गोंगाटापासून अंतर. कार्डापासून तिथवर दोन केसासारख्या वायरी जातात, एक काळी, एक पांढरी, आणि त्या बिजागरीतून जातात. दिवसातून दहा वेळा उघडझाप. बिजागरी ढिली झाली की ती वायर चावायला लागते.

मागचे स्क्रू काढून ताईंनी ते चुंबकाच्या वाटीत ठेवले, प्लास्टिकच्या पातीनं कडेकडेनं झाकण उचललं. कटाकट आवाज झाले, मला वाटलं मोडलं. नखाएवढं कार्ड. त्यावर मोहरीएवढ्या दोन पितळी टोप्या. त्या चिमट्यानं सरळ वर उचलायच्या, आडव्या ओढल्या की कार्डावरचं बोंड निघून येतं आणि मग कार्डच नवं. काळी वायर बिजागरीपाशी सोललेली होती, आतली तांब्याची जाळी उघडी. नवी वायर दुकानात होती, एका मेलेल्या लॅपटॉपमधून काढून ठेवलेली. ती ओवायला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत ताई कुणाशीही बोलल्या नाहीत, फोन वाजून वाजून बंद झाला. शेवटी टोपी बोंडावर ठेवून अंगठ्यानं दाबली. आवाज येत नाही, बोटाला कळतं म्हणाल्या. मला दाबू दिलं नाही.

माझी एक शंका राहिली होती. घरच्या राउटरची दोन नावं मोबाईलवर दिसतात, लॅपटॉपवर एकच का? कारण माझं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतं, दुसरं नाव ५ गिगाहर्ट्झचं. पाचवर वेग जास्त, पण भिंतीतून जाताना ते लवकर दमतं. दगडी भिंतींच्या घरात २.४ च बरं, असं ताईंनी समजावलं, आणि नवं कार्ड विकलं नाही.

तीन आठवड्यांनी मीच परत गेलो. ती पट्टी आता इतकी सैल झाली होती, की लॅपटॉप मांडीवर घेतला की वायफाय जायचं. ताईंनी झाकण उघडून कार्ड काढलं. त्याला बावन्न पिना असतात, आणि स्विचचा ‘बंद हो’ हा हुकूम विसाव्या पिनेतून येतो. भिंग लावून त्यांनी खाच शोधली, पलीकडची दुसरी पीन मोजली आणि तिच्यावर उष्णता सोसणाऱ्या पिवळ्या टेपचा दोऱ्याएवढा तुकडा चिकटवला. हुकूम आता कार्डापर्यंत पोचतच नाही. या वेळी दीडशे रुपये घेतले.

स्विच अजून तिथंच आहे. सरकवला तर टिक आवाज येतो, बाकी काही होत नाही.