धक्क्यावरचा धूर

उद्योगनगरीची वीज : लेखांक ११

पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही, तरी या आठवड्यात आपल्याला मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर जायचं आहे. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून परदेशी निघालेल्या गाड्या ट्रेलरवर चढून, घाट उतरून मुंबई बंदरात जातात आणि तिथून रो-रो जहाजात, म्हणजे गाड्या चालवतच आत नेता येणाऱ्या जहाजात, शिरतात. याच बंदरातल्या बॅलार्ड पिअरवर २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. सुमारे सव्वाचार लाख चौरस फुटांची ही वास्तू. एका वेळी पाच जहाजं लागावीत आणि वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळले जावेत, अशा क्षमतेची. एवढी जहाजं आली, की ती बांधून ठेवलेल्या वेळेत वीज कुठून घेतात, हा प्रश्न मोठा होतो. गेल्या लेखांकात आपण कारखान्यांच्या डीजी सेटचा, म्हणजे डिझेल जनरेटरचा, हिशेब मांडला होता. आजचा विषय त्याचाच पुढचा, पण आकारानं कितीतरी मोठा भाग आहे.

महावितरणची जोडणीच नसलेला आणि वर्षाचे ३६५ दिवस डीजीवरच चालणारा एखादा कारखाना डोळ्यासमोर आणा. क्रूझ जहाज म्हणजे नेमकं तेच. समुद्रात असताना त्याला दुसरा इलाजच नसतो. पण धक्क्याला लागल्यावरही, पंखे थांबले तरी, आतलं गाव जागंच असतं. हजारो खोल्यांचं वातानुकूलन, स्वयंपाकघरं, शीतगृहं, धुलाई, लिफ्ट, पाणी शुद्ध करणारी यंत्रं हे सगळं चालू राहतं. तीनेक हजार प्रवाशांच्या जहाजाची ही बंदरातली भूक साधारण ७ ते ११ मेगावॉट असते. ती भागवण्यासाठी जहाजाची एक-दोन मोठी इंजिनं दिवसभर सुरू ठेवावी लागतात.

आता हिशेब करू. ८ मेगावॉटचं जहाज १० तास थांबलं, तर वीज लागली ८०,००० युनिट. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या चारशे घरांचा हा महिन्याचा वापर झाला. जहाजाचं इंजिन एका युनिटला साधारण २१० ग्रॅम इंधन खातं, म्हणजे दिवसाला जवळपास १७ टन. जागतिक नियमानुसार २०२० पासून जहाजाच्या इंधनात गंधक जास्तीत जास्त अर्धा टक्का चालतं. कमाल मर्यादेचं इंधन धरलं तर या १७ टनांतून सुमारे १७० किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. जुन्या धाटणीच्या इंजिनातून नायट्रोजनची ऑक्साइडं पाऊण ते एक टन निघतात. बारीक काजळी वेगळीच.

आपल्या पट्ट्यातल्या माणसाला हे आकडे खुपायला हवेत. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ इंधन आलं. त्यात गंधक दहा लाखांत १० भाग. जहाजाच्या इंधनाला त्याच्या पाचशेपट मुभा आहे. बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी घेताना या पट्ट्यातल्या वाहन कंपन्यांनी, सुटे भाग बनवणाऱ्यांनी आणि शेवटी गाडी घेणाऱ्या ग्राहकानं त्याची किंमत मोजली. जनरेटरचंही तसंच. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या जनरेटरना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘सीपीसीबी ४ प्लस’ निकष लागू झाले. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला आणि कोथरूडच्या कमिन्सला त्यासाठी इंजिनांची मालिकाच नव्यानं घडवावी लागली. पिंपळे सौदागरच्या एखाद्या सोसायटीत लिफ्टसाठी बसवलेल्या नव्या सेटला आज जो धूर सोडायला मनाई आहे, तो धूर त्याच्या पन्नासपट मोठं इंजिन मुंबईच्या फोर्टजवळ उभं राहून सोडू शकतं. जहाजांसाठीचे कडक निकष उत्तर अमेरिका, बाल्टिक, उत्तर समुद्र, भूमध्य समुद्र अशा जाहीर केलेल्या क्षेत्रांत आहेत. आपला किनारा त्यात नाही. मला हा अन्याय वाटतो, आणि तो सोसणारे लोक कोण आहेत तेही सांगायला हवं. गोदी कामगार, माथाडी, आणि गाड्या घेऊन आलेले, रांगेत तासन्‌तास थांबलेले आपल्याच पट्ट्यातले ट्रेलरचालक.

धूर जातो कुठे, हे वारा ठरवतो. क्रूझचा हंगाम म्हणजे पावसाळा सोडून उरलेले महिने. हिवाळ्यात पहाटे वारा पूर्वेच्या मुख्य भूमीकडून पश्चिमेच्या समुद्राकडे वाहतो. बॅलार्ड पिअर शहराच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, त्यामुळे तेव्हा धूर फोर्ट आणि काळबादेवीच्या अंगावरून जातो. दुपारी खारा वारा सुटला की तोच धूर बंदराच्या पाण्यावरून उरणच्या दिशेला ढकलला जातो. नेमकी पहाटेच बरीचशी जहाजं धक्क्याला लागतात, आणि त्या वेळी हवा थंड व जड असल्यानं धूर वर उठत नाही.

उपाय साधा वाटतो. धक्क्यावरून केबल टाकायची, इंजिनं बंद करायची. नौदलाच्या गोदीत युद्धनौका बांधल्यावर किनाऱ्यावरून वीज घेतात, ही पद्धत जुनी आहे. देशातल्या प्रमुख बंदरांतही टग आणि गस्ती नौका अशा लहान जहाजांना वीज मिळते. मे २०२३ मध्ये केंद्रानं जाहीर केलेल्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वांतही शोअर पॉवरला, म्हणजे किनाऱ्यावरून दिलेल्या या विजेला, महत्त्वाचं स्थान आहे. मात्र टगला लागणारी वीज किलोवॉटमध्ये मोजतात. क्रूझचा पसारा वेगळा आहे.

आयईसी आणि आयईईई या दोन संस्थांचं ८०००५-१ हे संयुक्त मानक यासाठी जगभर वापरतात. त्यानुसार क्रूझच्या धक्क्यावर ६.६ किंवा ११ केव्हीची जोडणी आणि किमान १६ एमव्हीए क्षमता हवी. चाकणमध्ये २२ केव्हीवर चालणाऱ्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या कारखान्याचा कॉन्ट्रॅक्ट डिमांड आठवा, म्हणजे एका धक्क्यासाठी १६ एमव्हीए मागणं काय आहे ते लक्षात येईल. शिवाय बहुतेक क्रूझ जहाजं ६० हर्ट्झवर चालतात आणि आपलं ग्रिड ५० वर. नुसता ट्रान्सफॉर्मर टाकून भागत नाही. मध्ये फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर लागतो. आपल्या प्रेस शॉपमध्ये मोटरचा वेग बदलायला जो व्हीएफडी ड्राइव्ह असतो, त्याच तत्त्वावरचा, पण इमारतीएवढा. सगळ्या खर्चातला मोठा वाटा हाच खातो.

जोडणीचं काम मात्र आपल्या मेंटेनन्सवाल्यांना परकं वाटणार नाही. केबल चढल्या, अर्थिंग तपासलं, पायलट वायरनं सुरक्षा साखळी पूर्ण झाली, की जहाजाचा जनरेटर किनाऱ्याच्या विजेशी सिंक्रोनाइझ करायचा. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फेजचा क्रम आणि कोन जुळला की ब्रेकर टाकायचा, भार हळूहळू किनाऱ्यावर सरकवायचा आणि मग इंजिन थांबवायचं. प्रवाशाच्या खोलीतला दिवा लुकलुकतही नाही. यात अर्धा-पाऊण तास जातो, आणि निघताना पुन्हा तेवढाच.

मुंबईत आणखी एक अडचण आहे. इंदिरा गोदीच्या आतलं पाणी दरवाज्यांनी धरून ठेवलेलं असतं, पण बॅलार्ड पिअरचा बाहेरचा धक्का उघड्या बंदरात आहे. मोठ्या भरतीच्या दिवशी तिथं पाणी सहा तासांत चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, आणि त्याबरोबर जहाजही. प्रत्येक जहाजाचं वीज घेण्याचं दार वेगळ्या जागी. कुणाचं पुढच्या भागात, कुणाचं मागे. म्हणून केबल हाताळणारी, धक्क्यावर मागेपुढे सरकणारी यंत्रणाच हवी.

हे सगळं जगात झालेलं आहे. स्वीडनच्या गोटेनबर्ग बंदरानं २००० मध्ये रो-रो जहाजांना उच्च दाबाची वीज दिली. क्रूझसाठी पहिली जोडणी २००१ मध्ये अलास्कातल्या जुनो या छोट्या गावात झाली. डोंगरांनी वेढलेल्या त्या गावावर जहाजांचा धूर साचून राहायचा आणि लोकांच्या तक्रारी वाढल्या होत्या. जुनोचा करार मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. तिथली वीज जलविद्युत. गावाची गरज भागवून उरलेली वीज जहाजाला विकायची, त्यातून आलेल्या पैशानं गावकऱ्यांचा दर हलका ठेवायचा, आणि धरणात पाणी कमी असेल तेव्हा जहाजाचा पुरवठा तोडायचा. जहाजाकडे स्वतःची इंजिनं असतातच, त्यामुळे तोडलं तरी कुणी अंधारात राहत नाही.

सिएटलनं २००५ पासून सुरुवात केली आणि गेल्या काही वर्षांत व्याप वाढवला. शहराच्या मध्यभागी असलेल्या ६६ क्रमांकाच्या पिअरला २०२४ मध्ये वीज मिळाली. गजबजलेले रस्ते खणण्याऐवजी तिथं जवळपास मैलभर केबल खाडीच्या तळावरून आणली. बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यांखाली आधीच काय काय गाडलेलं आहे याचा विचार केला, तर मुंबईनं हा पर्याय तपासावा असं मला वाटतं. सिएटलला मुक्काम असलेल्या क्रूझ जहाजांवर २०२७ पासून किनाऱ्याची वीज घेण्याचं बंधन आहे. युरोपीय संघानं मोठ्या बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांना २०३० पासून ते बंधनकारक केलं आहे. त्यामुळे नवी जहाजं जोडणीची सोय घेऊनच बांधली जात आहेत. आता प्रश्न आपल्या धक्क्याचा उरतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण या योजनांच्या जाहिरातीत ती झाकली जाते. कार्बनच्या बाबतीत आज मुंबईत फायदा जवळजवळ नाही. जहाजाच्या इंजिनातून एका युनिटला सुमारे ६७० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्या कोळसाप्रधान ग्रिडचा सरासरी आकडा ७०० ग्रॅमच्या थोडा वर आहे, आणि वहनातली गळती वेगळी. दिवसाच्या सौर विजेचा वेगळा करार केला तरच हे गणित पालटेल. तरीही मी या योजनेच्या बाजूनं आहे. धूर फोर्टमधल्या माणसांच्या नाकाशी सुटणं थांबतं, हा फायदा पहिल्या दिवसापासून मिळतो. मात्र तो धूर चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीजकेंद्रांशेजारच्या माणसांकडे सरकवायचा नसेल, तर सौर करार जोडणीबरोबरच व्हायला हवा, नंतर कधीतरी नव्हे.

खरा अडथळा तंत्राचा नाही, बिलाचा आहे. लघुउद्योजकाला डिमांड चार्ज म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मशिन बंद असलं तरी केव्हीएचे पैसे दर महिन्याला जातात. समजा, एका धक्क्याला वर्षात ६० जहाजं लागली आणि प्रत्येक १० तास थांबलं. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी वापर झाला ६०० तास, म्हणजे सात टक्क्यांच्या आत. पावसाळ्यात तर शून्य. नेहमीच्या औद्योगिक दरानं १६ एमव्हीएचा डिमांड चार्ज भरला, तर युनिटचा पडता दर इतका चढेल की जहाजाचा कप्तान इंजिन सुरू ठेवणंच पसंत करेल.

यातून बाहेर पडण्याच्या दोन वाटा मला दिसतात. पहिली जुनोची. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं जहाजांसाठी तोडता येणाऱ्या पुरवठ्याचा वेगळा दर ठरवावा. संध्याकाळी शहराची मागणी शिखरावर असताना हक्कानं पुरवठा काढून घेता येतो, म्हणून डिमांड चार्ज कमी. दुपारी सूर्य वर असताना वीज स्वस्त. दुसरी वाट आपल्या चाकणमधून जाते. क्रूझ जहाजं पावसाळ्यात येत नाहीत, पण गाड्या नेणारी रो-रो जहाजं बारा महिने येतात. त्यांची भूक क्रूझच्या मानानं लहान, पण मानक तेच. धक्क्यामागचं उपकेंद्र आणि कन्व्हर्टर दोघांसाठी मिळून उभारले, तर ते पावसाळाभर पडून राहणार नाहीत. कॅलिफोर्नियानं बंदरातल्या उत्सर्जनाचा नियम २०२५ पासून रो-रो जहाजांनाही लावला आहे, म्हणजे त्या जहाजांवरही आज ना उद्या सोय येणारच.

जहाज कंपनीवर दबाव आणण्याची ताकद माल पाठवणाऱ्याच्या हातात असते. फोक्सवॅगन समूहानं २०२० मध्ये उत्तर अटलांटिकसाठी एलएनजीवर चालणारं ‘सीम कन्फ्युशियस’ हे गाड्यांचं जहाज भाड्यानं घेऊन सेवेत आणलं, ते माल पाठवणारा म्हणूनच. चाकणहून गाड्या पाठवणाऱ्यांनी वाहतुकीच्या करारात ‘धक्क्यावरची वीज घेण्याची सोय असलेलं जहाज’ एवढी एक ओळ घातली, तर मुंबई बंदर प्राधिकरणाला उपकेंद्राची क्षमता ठरवताना खात्रीचं गिऱ्हाईक दाखवता येईल. मराठा चेंबर या उद्योगसंघटनेच्या निर्यातविषयक बैठकांत भाडं, कंटेनर आणि घाटातली कोंडी यांवर बोलणं होतं. तिथं हा मुद्दाही मांडता येईल.

पुढच्या लेखांकात : चाकण-तळेगावच्या ट्रकतळांवर रात्रभर सुरू राहणारी शीतवाहनांची इंजिनं, आणि त्यांना प्लग देण्याचा खर्च.