वर्गणीचे पावतीपुस्तक

आमच्या पेठेतल्या वाचनालयाची मासिक वर्गणी पन्नास रुपयांवरून ऐंशी करावी, असा ठराव कार्यकारी मंडळाने गेल्या चैत्रात केला आणि सभासदांची समजूत घालून थकबाकी वसूल करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो, असा आपल्याकडे एक समज आहे. त्यापुढे इलाज नाही.

पहिल्याच रविवारी पावतीपुस्तक काखोटीला मारून निघालो. पहिल्या घरी उत्तम स्वागत झाले. गृहस्थ म्हणाले, "नाना, वाचनालय म्हणजे पेठेचे भूषण! ते बंद पडता कामा नये." मी पावतीपुस्तक उघडले. तेव्हा म्हणाले, "पण आमच्याकडे हल्ली वाचतो कोण?" दुसऱ्या घरी यजमानीणबाईंनी कांदेपोहे दिले, चहा दिला, लहानपणी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांच्या आठवणी सांगितल्या. वर्गणीचे मात्र "ह्यांना विचारून सांगते." ते 'हे' आतच होते, वर्तमानपत्राची घडी बदलल्याचा आवाज मला येत होता. वाचकहो, महिनाभरात वाचनालयाला नावे ठेवणारा एकही माणूस मला भेटला नाही. भेटला असता तर वाद तरी घालता आला असता!

वाद घातला तो एका निवृत्त हिशेबनिसांनी. "तुम्हाला सरकारी अनुदान मिळते ना? मग आमच्या खिशात हात कशाला?"

प्रश्न खरा होता. आपल्याकडे वाचनालये आधी झाली आणि कायदा मागाहून आला. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. ती उभी राहिली तेव्हा ग्रंथालयांचा कायदा कुठे होता? पुढे कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली कायदा केला. डॉ. रंगनाथन यांच्या खटपटीतून मद्रासचा कायदा १९४८ साली झाला, आणि त्यात घरपट्टीवर ग्रंथालय-उपकर बसवला. वाचणारा आणि न वाचणारा, दोघेही पट्टीबरोबर चार पैसे देतात. कोणाच्या दारात पावतीपुस्तक घेऊन उभे राहावे लागत नाही. कर्नाटकानेही १९६५ च्या कायद्यात उपकर ठेवला. आपला कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही, अनुदान आहे. ग्रंथ किती, सभासद किती, वृत्तपत्रे किती येतात, हे पाहून अ, ब, क, ड असा वर्ग ठरतो आणि त्याप्रमाणे रक्कम येते. २०२२ साली तीत साठ टक्के वाढ जाहीर झाली, पण हप्ता यायचा तेव्हाच येतो. माझे स्वतःचे मत उपकराच्या बाजूचे आहे. तसे मी बोलून दाखवले.

"मग घरपट्टी वाढली तर चालेल ना तुम्हाला?" मी विचारले.

"आधी रस्ते नीट करा म्हणावं!" हिशेबनीस म्हणाले.

आता गंमत पाहा. हीच मंडळी दिवाळी अंकांच्या योजनेसाठी सकाळी आठापासून आमच्या जिन्यात रांग लावतात. दोन महिन्यांचे जादा पैसे खळखळ न करता देतात, वर "चांगले अंक आधी आम्हाला" अशी चिठ्ठीही देऊन ठेवतात. (हातातला हा अंक आपण विकत घेतला की वाचनालयातून आणला, ते मी विचारीत नाही.)

वैशाखात ग्रंथपालबाईंकडे थकबाकीची वही मागितली. त्या देईनात. "राहू द्या नाना, मी पाहते." त्यांचा चार महिन्यांचा पगार तेव्हा अनुदानाच्या हप्त्यावाचून अडला होता. शेवटी मीच वही ओढून घेतली. काही नावांपुढे पेन्सिलीची बारीक खूण होती. विचारले, तर बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सभासद कमी झाले तर आपला वर्ग खाली येईल ना. म्हणून ती वर्गणी मी भरली. जमेल तसे देतील लोक."

पान उलटले. माझ्या नावापुढेही खूण होती. सात महिने, साडेतीनशे रुपये.

मी मुकाट्याने पैसे काढून टेबलावर ठेवले. बाईंनी माझ्याच काखेतले पावतीपुस्तक घेतले आणि त्यातून पावती फाडून दिली.

"आणि नाना," त्या हळूच म्हणाल्या, "मागल्या दिवाळीत नेलेला तो अंक तेवढा आणून द्याल का?"