रेडिएशनचे किरण नेमके जातात कुठे?

सख्यांनो, स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर डॉक्टर बऱ्याचदा रेडिएशन सांगतात. गावात कुणी त्याला 'लाईट' म्हणतं, कुणी 'शेक'. नाव निघालं की दोन शंका येतातच. हे किरण सगळ्या अंगात भिनतात का? आणि घरी आल्यावर लेकराबाळांना बाधतात का? या भीतीपोटी उपचार अर्धवट सुटला तर आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. म्हणून नीट समजून घेऊ.

मशीन आजाराच्या जागेवर नेम धरून किरण सोडतं. पण दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप आली की आजूबाजूलाही थोडा उजेड पडतो ना, तसंच इथे होतं. काही किरण शरीरात आपटून बाजूला पसरतात, काही मशीनच्या तोंडाशी विखुरतात, तर अगदी थोडे मशीनच्या आवरणातून झिरपतात. मात्र जसजसं लांब जावं तशी ही मात्रा झपाट्याने उतरते. साधारण १० सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभरही नाही, ती मूळ मात्रेच्या १ टक्क्याच्या आसपास येते.

झोपायचं टेबल कार्बन फायबरचं असतं. लोखंडाने किरण जास्त अडले असते. तरीही खालून किरण येताना हे टेबल त्यातले थोडे अडवतं आणि टेबलाला टेकलेल्या कातडीला जरा जास्त डोस मिळतो. उपचार आखताना याचा हिशेब धरता येतो. पाठीची कातडी लाल झाली, आग झाली तर लाजू नका, लगेच सांगा.

बाहेरच्या मशीनने दिलेले किरण अंगात साठत नाहीत. दिवा विझला की उजेड संपतो, तसंच. गर्भाशयमुखासाठी आतून रेडिएशन देतात, तेव्हाही किरण देणारी वस्तू उपचारानंतर काढून घेतात. त्यामुळे ताईचं ताट-अंथरूण वेगळं करू नका. तिने नातवंडाला खुशाल कुशीत घ्यावं.

एवढं मात्र पाळा:
- पाळी चुकली असेल, दिवस गेल्याची शंका असेल किंवा छातीत पेसमेकर असेल तर आधीच सांगा. पसरलेले थोडे किरणही तिथे महत्त्वाचे ठरतात.
- टेबलावर हलू नका. अंगावरच्या खुणा पुसू नका.
- डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू नका.

खर्चाची चिंता असेल तर दवाखान्यात महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. आणि गटातल्या एखाद्या ताईचा उपचार चालू असेल, तर तिच्यासोबत जायला आळीपाळीने एक-एक जण निघा.