घरातला समुद्र आणि खालची टाकी

परभणीहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे. तरीही समुद्री मासे घरी पाळण्याची हौस आता किनाऱ्यापुरती राहिलेली नाही. काचेची टाकी, मीठ आणि पंप कुठेही मागवता येतात. मागवता येत नाही ते समुद्राचे अफाट पाणी, जे माशांची घाण सहज पचवून टाकते. घरच्या टाकीत हे काम 'संप', म्हणजे मुख्य टाकीखाली ठेवलेली दुसरी टाकी, करते. नवख्या माणसाने मासे निवडण्याआधी हीच टाकी नीट समजून घ्यायला हवी.

तिची रचना घरच्या पाण्याच्या व्यवस्थेसारखीच आहे. अंगणात हौद, गच्चीवर टाकी आणि मधे मोटर. फरक इतकाच, की इथे पाणी सतत फिरत राहते. वरच्या टाकीच्या काठाशी असलेल्या ओव्हरफ्लोतून पाणी आपोआप खाली येते, संपच्या तीन कप्प्यांतून साफ होत पुढे सरकते आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो.

पहिल्या कप्प्यात गाळणीची कापडी पिशवी असते. उरलेले खाद्य आणि विष्ठा तिथे अडते. ही पिशवी दर तीन-चार दिवसांनी धुतली नाही, तर अडलेली घाण तिथेच कुजते. दुसऱ्या कप्प्यात प्रोटीन स्किमर बसवतात. गुऱ्हाळात काहिलीवर तरंगणारी मळी काढून टाकतात, तसेच हे काम. खाऱ्या पाण्यात हवेचे अतिशय बारीक बुडबुडे तयार होतात, विरघळलेले सेंद्रिय पदार्थ त्यांना चिकटतात आणि तपकिरी फेस होऊन वरच्या भांड्यात साठतात.

खरी सफाई मात्र डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया विषारी असतो, आणि समुद्री पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असल्याने त्याचे विष गोड्या पाण्यापेक्षा अधिक जाणवते. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, तर दुसरा नायट्राइटचे तुलनेने सौम्य नायट्रेट. शेतात युरिया टाकल्यावर काळ्या मातीतही हीच साखळी चालते. सेर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास ती उलगडून दाखवली. सच्छिद्र दगडांवर या जिवाणूंची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत टाकीत मासा सोडू नये. नवख्यांचे बहुतेक मासे याच घाईत दगावतात.

पाण्याचा प्रश्न त्याआधीचा. मराठवाड्यातले बोअरचे पाणी बहुधा जड असते, तर नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. दोन्ही थेट चालत नाहीत. आरओ आणि त्यापुढे डीआय गाळणी लावून क्षार जवळपास शून्यावर आणावे लागतात. आरओतून वाया जाणारे पाणी फरशी पुसायला, भांडी घासायला ठेवावे. टंचाईच्या जिल्ह्यात ते गटारात सोडणे परवडणारे नाही. गाळलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ मिसळतात. स्वयंपाकाचे मीठ इथे उपयोगाचे नाही, कारण समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे इतर क्षारही असतात.

आता मुद्द्याचा हिशेब. ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. वीज गेली की पंप थांबतो, पण ओव्हरफ्लोतून पाणी खाली येतच राहते. वरची पातळी ४ सेंटिमीटर उतरली, तरी सुमारे १७ लिटर पाणी संपमध्ये उतरते. नळीतले पाणी वेगळेच. म्हणून अडीच फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच, म्हणजे सुमारे ८८ लिटरच्या संपमध्ये ५५ लिटरच पाणी ठेवावे. वर जाणाऱ्या नळीचे तोंड पाण्यात खोल राहिले, तर तीच नळी उलटी वाहून टाकी रिकामी करू लागते. पाण्याच्या पातळीच्या जरासे खाली नळीला छोटे छिद्र पाडले, की त्यातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. उलटा प्रवाह रोखणाऱ्या झडपेवर विसंबू नये. मिठाने आणि कचऱ्याने ती अडकते.

वीज गेल्यावर दुसरा धोका प्राणवायूचा. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्री पाण्यात जेमतेम पावणेसात. उष्णता वाढली की तो आणखी घटतो. पंप इन्व्हर्टरवर घ्यावा, नाहीतर बॅटरीवरचा हवेचा पंप तरी जवळ असू द्यावा.

परभणीचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तर टाकीतले पाणी २५-२६ अंशांच्या आसपास हवे. इथे मात्र कोरडी हवा मदतीला येते. संपवर छोटा पंखा सोडला, तर तो कूलरसारखे काम करतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना एवढ्या टाकीतले पाणी हिशेबाने दोन अंशांहून अधिक थंड होऊ शकते. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. २० लिटर पाणी उडाले, तर खारेपणा ३५ वरून ३८ वर जातो. त्यामुळे घट रोज भरून काढावी आणि ती बिनमिठाच्या, गाळलेल्या पाण्याने. ही घट शेवटच्या कप्प्यातच दिसते, म्हणून तिथे पातळीची खूण करून ठेवावी.

काही गोष्टी माणसांच्या सुरक्षेच्या. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, आणि वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती सोडावी, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये शिरत नाही. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत, कारण टाकीतल्या काही जिवाणूंमुळे त्वचेला चिवट संसर्ग होतो. पाणी उपसताना नळी तोंडाने ओढू नये.

दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते समुद्रातून आणून विकणे आणि घेणे गुन्हा ठरतो. सुरुवातीला पैदास केंद्रात वाढवलेल्या क्लाऊनफिशची जोडी पुरेशी आहे. या माशाच्या पैदाशीचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात विकसित केले आहे.

मीठ टाकण्यापूर्वी एक चाचणी जरूर करावी. साध्या पाण्यावर संपूर्ण यंत्रणा चालवावी, मग मुख्य स्विच बंद करून अर्धा तास संपकडे बघत बसावे. पाणी काठाच्या आत थांबले, स्विच लावल्यावर पंप पुन्हा सुरळीत चालला, तर पुढच्या तयारीला लागावे. नाहीतर दुरुस्ती तेव्हाच करावी. फरशीवर सांडलेले साधे पाणी पुसता येते. रात्री वीज गेल्यावर सांडलेला समुद्र मात्र घरालाही महागात पडतो आणि माशांनाही.