पाळीव सरडा : स्वभाव कसा ओळखावा?

गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मासे आणि लव्हबर्ड्सच्या शेजारी हिरवा इग्वाना दिसू लागला आहे. साहजिकच मुले शिक्षकांना विचारतात, ‘सर, असा सरडा घरी पाळता येईल का? तो चावतो का?’ अमेरिकेत आणि युरोपात मोठे सरडे पाळण्याची हौस जुनी आहे. तेथील अनुभवातून या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

प्रथम ‘स्वभाव’ या शब्दाविषयी. कुत्रा माणसाळला, कारण माणसाने हजारो वर्षे निवड करून त्याची पैदास केली. मोठ्या सरड्यांच्या बाबतीत असे घडलेले नाही. ते माणसाला फार तर सरावतात. शिवाय सरड्याच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असते आणि त्याचे वागणे त्या तापमानावर. दुकानातल्या गार काचपेटीत निमूट बसलेला सरडा गिऱ्हाइकाला ‘गरीब’ वाटतो. प्रत्यक्षात थंडीमुळे त्याचे स्नायू मंदावलेले असतात. १९८२ साली हर्ट्झ, ह्यूई आणि नेवो या शास्त्रज्ञांनी उघड्या मैदानात राहणाऱ्या सरड्यांच्या दोन जातींवर केलेले काम येथे उद्बोधक आहे. शरीर गरम असताना शत्रू जवळ आला की हे सरडे पळून जात. गार असताना वेगाने पळणे जमत नसल्याने ते जागीच उभे राहून चावायला येत. म्हणजे सरड्याची पारख करायची तर तो चांगला शेकून झाल्यावरच करावी. गार सरड्याच्या शांतपणावर विसंबणे धोक्याचे.

आता इग्वाना. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हा झाडावर राहणारा, पाला खाणारा सरडा. पिलू वीतभर असते आणि स्वस्त मिळते, म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेत दरवर्षी लाखांनी इग्वाना आयात झाले आणि ‘नवशिक्यांचा सरडा’ अशी त्यांची ख्याती झाली. ही ख्याती माझ्या मते सर्वस्वी चुकीची आहे. पिलू काही वर्षांत शेपटीसह दीड मीटरचे होते. रानात त्याच्यावर झडप पडते ती वरून, ससाण्यासारख्या पक्ष्यांची. त्याच्या डोक्यावर प्रकाश आणि सावली ओळखणारा एक ‘तिसरा डोळा’ही असतो. त्यामुळे प्रेमाने का होईना, वरून आलेला हात त्याला शत्रूच वाटतो. मग तो अंग आडवे करून फुगवतो, गळ्याची पिशवी ताणतो, मान हलवतो आणि शेवटी शेपटीचा फटका मारतो. एरवी शांत असणारा नर विणीच्या हंगामात मालकावरही धावून जातो.

त्यात आहाराची अडचण. पाला पचवणारे जिवाणू त्याच्या मोठ्या आतड्यात असतात आणि त्यांना ऊब लागते. सरडा गार राहिला तर पोट भरलेले असूनही तो उपाशीच. हाडांसाठी लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व त्याच्या त्वचेत अतिनील-ब किरणांमुळे तयार होते, आणि हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ आत येतच नाहीत. खिडकीतल्या उन्हात ठेवलेल्या इग्वानाला ऊब मिळते, जीवनसत्त्व मात्र मिळत नाही. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतून ते काढू लागते, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. घरोघरच्या इग्वानांना हा आजार इतका होतो की त्यांच्यावर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना तो नेहमीचाच झाला आहे.

सॅव्हाना मॉनिटर ही आपल्या घोरपडीची आफ्रिकी चुलत बहीण, लांबी सुमारे एक मीटर. हीसुद्धा स्वस्त, आणि तिचाही स्वभाव शांत म्हणून सांगितला जातो. रानात ती पावसाळ्यात किडे, गोगलगायी, पैसे भरपूर खाते आणि कोरड्या ऋतूत बहुतेक उपास काढते. घरात तिला बारा महिने उंदीर मिळतात, खणायला खोल माती मिळत नाही आणि ती लठ्ठ होते. पुष्कळदा हा ‘शांतपणा’ म्हणजे चरबीच असते. या कुळाची बुद्धी मात्र दांडगी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिच्या जवळच्या जातीच्या आठ पिलांनी झडपा लावलेल्या पारदर्शक नळीतले उंदीर पहिल्याच खेपेस दहा मिनिटांच्या आत बाहेर काढले. दुसऱ्या खेपेस त्यांना त्याहून कमी वेळ लागला. अशा प्राण्याला रिकामी पेटी देणे ही शिक्षाच.

अनुभवी माणसे मोठ्या सरड्यांत पसंती देतात ती बहुधा दक्षिण अमेरिकेतल्या काळ्या-पांढऱ्या टेगूला. तो सव्वा मीटरपर्यंत वाढतो, फळे, अंडी, मांस सारे खातो आणि रोजच्या सहवासाने बराच सरावतो. विणीच्या काळात तो रात्री आपले शरीर भोवतालापेक्षा १० अंश सेल्सिअसपर्यंत अधिक गरम ठेवू शकतो, असे २०१६ साली दिसून आले. पण त्याचा जबडा बोट तोडू शकतो आणि पिंजरा सुमारे अडीच मीटर लांबीचा लागतो. नवशिक्यासाठी खरे तर ऑस्ट्रेलियाचा अर्धा मीटर लांबीचा बिअर्डेड ड्रॅगनच पुरेसा. ऑस्ट्रेलिया वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात होऊ देत नाही, त्यामुळे बाजारातले ड्रॅगन पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले असतात. इग्वाना आणि टेगू हौशी लोकांच्या हातून सुटून फ्लोरिडात इतके माजले की २०२१ साली तेथे ते पाळण्यावर बंदी आली.

आपल्याकडे घोरपड पाळणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती येते आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कारावासाची आहे. इग्वाना, टेगू यांच्यासारख्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते. शिवाय निरोगी सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरात सरडा ठेवू नये.

वर्गासाठी शाळेच्या कुंपणावरचा साधा सरडा उत्तम. पावसाळ्यात नराचा गळा लाल होतो आणि तो पुढच्या पायांवर उठाबशा काढतो. मुलांनी सकाळी सात वाजता आणि दुपारी बारा वाजता हवेचे तापमान नोंदवावे, सावकाश चालत सरड्याकडे जावे आणि तो पळाला त्या क्षणी आपण किती पावलांवर होतो ते लिहून ठेवावे. महिनाभराच्या नोंदींचा आलेख काढला की सकाळचा सरडा आणि दुपारचा सरडा यांच्या वागण्यातला फरक तपासून पाहता येईल.